समधनबाईंचा समुद्र

सास्तूर, ता. लोहारा
शनिवार, १९ एप्रिल २०२५

समधनबाई मैमूनाबी यांना सास्तूरहून अजीजाबीचा सलाम.

आम्ही सगळे ठीक. तुम्ही पण ठीकच असाल, न असायला काय झालंय. आरजूचे अब्बा ठीक, मुजीबचा साखर कारखाना हंगाम संपून बंद झाला म्हणून पोरगा घरात लोळतोय, सूनबाई सिमरन ठीक, शेळी ठीक. ऊन लई हाय. टँकर एक दिवसाआड येतो. ज्वारीची रास झाली. संपलं इकडचं.

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तुमचा फोन आला की मी कापते, हे तुम्हाला कळलं असेल. मुद्दाम कापते. तुम्ही स्पीकर लावून कोळंबी सोलत बसता, मागनं जावईबापू बोलतात, मधेच आरजू फोन हिसकावून घेते, अन् मला ओरडल्याबिगर फोनवर बोलता येत न्हाय. पत्रात कुणी मधे बोलत न्हाय. माझी दखनी तुम्हाला कळत न्हाय, तुमची कोकणी मला कळत न्हाय. शाळेतली मराठी तेवढी दोघींची सारखी. तुम्ही सातवी शिकलेल्या, मी चौथी. चुकलं तर सुधारून वाचा.

आरजूला दाखवू नका. दाखवलं तर मला कळंल.

तुम्ही मुजीबच्या फोनवर निरोप पाठवला, शेंगाची चटणी संपली, आणखी पाठवा. कुणाला पाहिजे ते लिहिलं न्हाय. तुम्ही तर तिखटाला हात लावत न्हाय. असो. चटणीचं मागनं बघू, आधी माझं ऐका.

मी तुमच्याकडं समुद्र बघायला आले नव्हते. माझी पोरगी आणायला आले होते. पहिलं बाळंतपण माहेरात होतं, हे आमच्या सास्तुरात शेळीला पण माहीत हाय. ईद झाली, सातवा लागला, मी हिरव्या बांगड्या, साडी, खोबरं, सगळं बांधून निघाले. सतवासा करायचा, पोरीची ओटी भरायची अन् तिला घेऊन माघारी यायचं. परतीच्या दोन सीटा आधीच काढून ठेवल्या होत्या, खिडकीची तिच्यासाठी. सोलापूर, पुणे, दापोली, अंगाचं पार भुस्कट करून हर्णैला पोचले. अन् तुम्ही काय केलंत? मला फिरवलंत.

रोज नवीन काहीतरी. आज बंदर, उद्या किल्ला. "विहीणबाई, एवढं बघून घ्या, मग बोलू." बोलायचं राहूनच गेलं.

इथं परत आले तर गल्लीच्या तोंडाशीच धुरपताबाईनं गाठलं. आमची शेजारीण, दिवसभर दारातच बसलेली असते. "अजीजा, काय काय बघितलंस गं? अन् आरजू कुठाय?" दुसरा प्रश्न ऐकलाच न्हाय असं केलं अन् पहिल्याचं उत्तर देत बसले. मासळीचा लिलाव बघितला, दीपगृहावर चढले, पाण्यातला किल्ला बघितला, कासवाची पिल्लं बघितली. ती आ करून ऐकत होती. जन्मात मी तिच्याशी एवढं बोलले नव्हते. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं, मी सगळं चांगलंच सांगतीय. मग शेवटी म्हणले, "पण सासूनं पोरगी धरून ठेवलीय. सोडली न्हाय." ती म्हणली, "अरारा." तवा कुठं मला बरं वाटलं.

तर तुमच्या गावातलं मला काय पटलं न्हाय ते लिहिते.

लिलाव. पहिल्याच संध्याकाळी नेलंत. ओल्या वाळूत मासळीचे ढीग, त्याभोवती माणसं, अन् सगळे एकदम ओरडतायत. आमच्याकडं बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटं धरतात अन् भाव ठरतो, तिसऱ्याला कळत न्हाय. तुमच्याकडं सगळं उघड्यावर. बरं, ते असू द्या. आरजू चपला हातात घेऊन त्या चिखलात उभी होती. माझी आरजू! बाजारच्या दिवशी सुक्या बोंबलाच्या पाटीवरनं नाक दाबून पळायची ती. ती सुरमईचा कल्ला उचलून मला दाखवत होती. "अम्मी, आतनं लाल असला की ताजा." मला शिकवत होती. अन् पाटी घेऊन बसलेली एक बाई मला म्हणती, "ही आमच्या मैमूनाची आरजू." मी म्हणले, व्हय का? पोटात मी ठेवली अन् मलाच सांगतेस? म्हणजे मनात म्हणले. तोंडानं नुसतं "हां" म्हणले. लोकांचं गाव.

बैल तेवढे मी नीट बघितले. समुद्रात बैलगाडी घालतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं. पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे राहतात बिचारे, बोटीवरची मासळी गाडीत पडते अन् मग ओढत वर आणतात. एकाच्या मानेवर जू घासून लाल झालं होतं. मी गाडीवानाला सांगितलं, चिंधी गुंडाळ रे तिथं. तो हसला. हसायला काय झालं? आमच्या घरात देवणी बैलांची जोडी होती. आरजूचे अब्बा आजारी पडले त्या साली मी स्वतः गाडी हाणलीय.

दुसरं तुमचं जेवण. भात अन् कालवण, कालवण अन् भात. चव होती, न्हाय म्हणत न्हाय. पण तुम्ही आरजूच्या ताटात मासा वाढताना आधी काटे काढत होता. एकेक काटा, बोटानं चाचपून. सून हाय ती तुमची, तान्हं पोर न्हाय. अन् ती पण खुशाल हात मांडीवर ठेवून वाट बघत होती. मी तिला लहानपणी असं भरवलेलं मला आठवंना. आमच्याकडच्या जेवणात काटे नसतात, त्याला मी काय करू?

मी माझ्या हातच्या ज्वारीच्या भाकरी नेल्या होत्या, कडक केलेल्या, अन् चटणीचा डबा. तिनं एक तुकडा मोडला अन् म्हणली, "अम्मी, आता भाकरी पचत न्हाय गं." तुम्ही लगेच ताट पुढं ओढलंत अन् म्हणलात, "आणा, मी खाते." माझ्या मनासाठी खाल्लीत. चावताना डोळ्यात पाणी आलं होतं तुमच्या. मी बघत होते.

अन् ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. आरजूनं आतनं हाक मारली, "अम्मी!" मी उठले. तुम्ही पण उठलात. मी उंबऱ्यापर्यंत गेले तर ती म्हणली, "तुला न्हाय गं, अम्मीला." तुम्ही माझ्या बाजूनं आत गेलात. तिला केसाला तेल लावून पाहिजे होतं. मी तिथंच उभी राहिले, मग उगाच अंगण झाडलं. झाडलेलंच होतं.

दीपगृहावर तुम्ही मला चढवलंत, गुडघे दुखले. वरनं जावईबापूंनी दाखवलं, ते बंदर, ती बोट, ते घर. आरजू खाली बसली होती, तिला चढायचं नव्हतं, तर खालनं ओरडून विचारती, "आपलं घर दिसलं का?" आपलं! मी जावईबापूंना विचारलं, सास्तूर कुठल्या बाजूला येतं. त्यांनी पाठीमागं बोट केलं. मागं नुसता डोंगर. काही दिसलं न्हाय.

किल्ल्याचं म्हणाल तर किल्ले आमच्याकडं पण हायत. नळदुर्ग हाय, परंडा हाय. परंड्याला खंदकात पाणी होतं, किल्ला जमिनीवर. तुम्ही किल्ला पाण्यात बांधून ठेवलाय, तिथं जायला होडी. होडी हलायला लागली तवा मी तुमचा हात धरला, त्याचा काही अर्थ काढू नका. जावईबापू लांब बसले होते म्हणून तुमचा धरला.

अन् कासवं. आंजर्ल्याला पहाटे उठवून नेलंत. कासवं राखणाऱ्या पोरांनी टोपली उचलली अन् खाली सगळी वळवळ. बोटाएवढी पिल्लं, डोळे पुरते उघडलेले न्हाईत अन् निघाली समुद्राकडं. एक उलटं पडलं, पाय झाडायला लागलं, मी हात लावायला गेले तर त्या पोरानं अडवलं. मी विचारलं, "यांची आई कुठाय?" तो म्हणला, "ती अंडी घालून तवाच गेली, मावशी." "अन् परत?" "परत येत नाही ती. यांना ओळखत पण नाही." मी म्हणले, "कसली आई म्हणायची ही!" सगळे हसले. आरजू तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. अन् म्हणली, "अम्मी, पण पिल्लं पोचतात ना बरोबर." मला बोलली ते. खांदा तुमचा होता.

आता सिमरन हाक मारतीय, पाणी आलं. उरलेलं उद्या लिहिते.

रविवार

काल पत्र उशीखाली ठेवलं अन् जेवायला वाढलं. वाढता वाढता सिमरनच्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्त सोडली. ती माझ्याकडं बघतच राहिली. "अम्मी, तब्येत बरी हाय ना तुमची?" मुजीब हसून हसून ठसकला. मी म्हणले, गप गिळा. पण मला ते लागलं. सून घरात येऊन एवढी वर्षं झाली अन् जरा तूप जास्त पडलं तर तिला वाटतं सासू आजारी पडली. ही तुमचीच करणी. तुमचे ते काटे काढणारे हात डोक्यातनं जाईनात.

काल मी तुम्हाला लिहिलं की तुम्ही पोरगी धरून ठेवली असं मी गल्लीत सांगितलं. सगळ्या गल्लीनं माझी बाजू घेतली. दोन बायका तर तुम्हाला शिव्या घालून गेल्या, चहा पिऊन गेल्या. रात्री आरजूचे अब्बा म्हणले, "अजीजा, खरंच त्या असं म्हणाल्या का गं? बाई तर साधी वाटली होती लग्नात." मी कूस बदलली.

तुम्ही असं म्हणला न्हाईत. ते मला पण माहीत हाय, तुम्हाला पण. फरक इतकाच की मला माहीत हाय हे तुम्हाला माहीत न्हाय.

कासवं बघून आलो त्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. झोप न्हाय, नुसती पडले होते. मागच्या पडवीत तुम्ही सुकट निवडत होता अन् आरजू जवळ बसली होती. तुम्ही हळू बोलता पण तुमच्या घराच्या भिंतीला वरनं फट हाय.

तुम्ही म्हणला, "बाय, पहिली खेप आईची असते गो. एवढ्या लांबून आलीय ती. जा तू. मी मागनं येईन बघायला."

आरजू म्हणली, "नको अम्मी. तिथं अम्मी सकाळपासनं बोलत असते. भांड्याला बोलते, शेळीला बोलते, अब्बाला बोलते, वहिनीला बोलते. माझ्या छातीत धडधडतं. इथं मला झोप लागते."

तुम्ही म्हणला, "आईचं बोलणं म्हणजे राग नसतो, बाय."

ती म्हणली, "मला माहीत हाय. पण धडधडतं."

मग सुकट निवडल्याचा आवाज येत होता.

आता सांगा, माझी बाजू तुम्ही का घेतलीत? कुणी सांगितलं होतं? तुम्ही तिला खरंच धरून ठेवलं असतं तर मला भांडता आलं असतं. मी भांडायला तयारच होऊन आले होते, पुण्यापासनं दापोलीपर्यंत वाक्यं पाठ करत आले होते. तुम्ही एक पण वाक्य वापरू दिलं न्हाईत. उलट माझी पोरगी तुम्ही मला देत होता अन् ती येत नव्हती. तुमच्यावर जळायचं कसं, सांगा? तरी जळले. तेवढं येतं मला.

उठले अन् मागच्या दारानं बाहेर पडले. तुम्हाला वाटलं नमाजला उठलीय. मी समुद्राकडं गेले.

पाणी लई लांब गेलं होतं. बोटी वाळूत कुशीवर पडल्या होत्या. मी चालत राहिले. माणसं नकोत, लिलाव नको, कुणाची आरजू नको. लांबवर एक काळा खडक होता, तिथं जाऊन चपला खाली काढल्या अन् वर बसले. तुम्हाला पोटभर शिव्या दिल्या. दखनीत दिल्या, तुम्हाला कळल्या नसत्या.

समधनबाई, आमच्याकडं पाणी गेलं की गेलं. तळ्यातलं पाणी होळीच्या आधी आटतं ते मिरगाबिगर तोंड दाखवत न्हाय. आरजूचे अब्बा आटलेल्या तळ्यात काकडी लावतात, खातो आम्ही. गेलेलं पाणी त्याच दिवशी माघारी येतं हे मी कुठं ऐकलेलं? तुम्ही मला लिलाव दाखवला, किल्ला दाखवला, कासवं दाखवली. हे न्हाय दाखवलं. तुम्हाला वाटलं असेल, हे काय सांगायचं. पोरासोरांना माहीत असतं.

पुढनं आलं असतं तर दिसलं असतं. ते मागनं आलं, बाजूच्या खळग्यातनं, चोरासारखं. मी वळले तवा माझ्यात अन् गावात पाणी होतं. चपला गेल्या होत्या. मी ओरडले न्हाय. जन्मभर विनाकारण ओरडले अन् कारण होतं तवा आवाज फुटला न्हाय.

अन् मग तुम्ही. मी तिथं हाय हे तुम्हाला कसं कळलं ते मी अजून विचारलं न्हाय. गाडीत उभ्या, पदर कमरेला खोचलेला, हातात कासरा. गाडीवान चहाला गेला होता अन् तुम्ही त्याला न विचारता त्याची गाडी घेऊन पाण्यात घातली होती. "तिथंच ऱ्हवा विहीणबाई! उतरू नका!" खडकापासनं थोडं अलीकडं बैल थांबले. एक पुढं पाऊल टाकंना. तोच, मानेवर लाल झालेला. तुम्ही कासरा ओढायला लागलात.

मी वरनं ओरडले, "ओढू नका! ढिला सोडा कासरा!"

तुम्ही म्हणला, "आता मला शिकवा तुमी!"

"मग बुडा!"

"मी कशाला बुडू? खडकावर तुमी हाव!"

मग मी उतरले. पाणी कमरेच्या वर, खाली पाय ठरत न्हाय. कलमा म्हणत म्हणत बैलापर्यंत आले, वेसण धरली अन् त्याच्या कानाशी बोलले, "चल मेरे राजा, चल." आमच्या बैलाला बोलायची तसं. हर्णैच्या बैलाला दखनी कळली. चालला. मी मागनं गाडीत चढताना तोंडावर पडले, तुम्ही माझा परकर धरून वर ओढलंत. गाडीत मासळीचं पाणी, त्यात आपण दोघी बसलेल्या. आधी तुम्ही हसलात का मी, ते आठवत न्हाय. लई हसलो. तुमचा वरचा दात पडलेला हाय हे मला तवा कळलं.

दारात आरजू उभी होती. "अम्मी, ही कशी भिजली?" माझी छाती धडधडायला लागली, आता सगळ्या गावात होणार, सास्तूरची बाई खडकावर अडकली. तुम्ही सहज म्हणला, "तुझ्या अम्मीला गाडीत बसून समुद्रात फिरायचं होतं. हौस गो." आरजू किती हसली. "अम्मीला? हौस?" असं मला बघून ती कधी हसली होती आठवत न्हाय.

ते पण तुम्हीच दिलंत मला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. उपकार एका जागी किती सोसायचे माणसानं? बांगड्या तिच्या हातात भरल्या, ओटी भरली, अन् चहा न पिता निघाले. तुम्ही तुमच्या चपला माझ्या पायात घातल्या, मी नको नको म्हणत असताना. एक बोट मोठ्या होतात. दोन्ही सीटांची तारीख बदलून घेतली अन् बसमध्ये खिडकीच्या सीटवर पिशवी ठेवली. पुण्यापर्यंत कुणी बसू का विचारलं की मी म्हणायची, माणूस येणार हाय.

एक राहिलं. तुम्ही विचारलं होतं, विहीणबाई, झोप लागत न्हाय का आमच्याकडं, डोळे सुजलेत. मी म्हणले, डास हायत. डास नव्हते. तुमच्या समुद्राचा तो आवाज. गूं गूं, थांबतच न्हाय. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे जमिनीतनं असाच आवाज आला होता. त्या पहाटे माझी अम्मी गेली, माहेरचं घर गेलं. मुजीबच्या वेळी आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. सासूनं बाळंतपण केलं, चांगलं केलं, बोट ठेवायला जागा न्हाय. पण मी सारखी दाराकडं बघत होते. येणार कुणी न्हाय हे माहीत होतं तरी बघत होते. तवा ठरवलं, आपल्याला पोरगी झाली तर तिला दाराकडं बघावं लागणार न्हाय. एवढंच होतं माझं. हे मी आरजूला कधी सांगितलं न्हाय. ओरडण्यातनं वेळ मिळाला न्हाय.

आता नीट वाचा. मी येतीय.

जूनच्या आधी येते अन् बाळ सव्वा महिन्याचं होईस्तवर राहते. आरजू माहेराला येत न्हाय ना, मग माहेर तिकडं येईल. पीठ घेऊन येते, डिंक घेऊन येते, बाळंतिणीला काळ्या मसाल्याचं लागतं ते सगळं घेऊन येते. तुम्ही न्हाय म्हणणार न्हाईत, मला माहीत हाय, म्हणून विचारत बसत न्हाय. पण घर तुमचं हाय, म्हणून कळवते.

माझ्या अटी. बाळाची पहिली अंघोळ मी घालणार. तेल मी लावणार. शेकशेगडी मी बघणार. तुम्ही माशाचे काटे काढा, तुम्हाला चांगलं जमतं. केसाला तेल दोघींनी एक दिवसाआड लावू, टँकरसारखं. अन् तिनं अम्मी म्हणून हाक मारली की दोघींनी उठायचं. ज्या कुणाला बोलावलं असेल ती जाईल, दुसरी दारापर्यंत येऊन उभी राहील. मला त्याचा सराव झालाय, तुम्हाला पण करावा लागेल.

अन् ओरडायचं म्हणाल, तर कमी ओरडीन. अजिबात न्हाय असं लिहून देत न्हाय, उगाच खोटं कशाला. लईच आलं तर समुद्राकडं तोंड करून ओरडीन. त्याच्या आवाजात माझा काय ऐकू येणार?

गल्लीत काय सांगायचं ते पण ठरवलंय. धुरपताबाई काल परत विचारत होती, "सोडली का गं सासूनं पोरगी?" मी म्हणले, "तिनं मलाच बोलावलंय." तिचं तोंड बघण्यासारखं झालं. तर आता फोनवर एकदा तसं म्हणून टाका, म्हणजे मी खोटी पडणार न्हाय. आता फोन कापणार न्हाय.

चटणी कोण खातंय ते मला माहीत हाय. भाकरी पचत न्हाय म्हणते अन् चटणीचा डबा संपवते. तिला सांगू नका की मला कळलं. मोठा डबा भरून ठेवलाय, तुमच्या चपला पण पिशवीत घातल्यात. या खेपेला जातानाची एकच सीट काढते. परतीची काढत न्हाय. पुढं बाळंतपणाचे चाळीस दिवस झाल्यावर तिला वाटलं तर येईल चार दिवस, न वाटलं तर न्हाय.

पत्र मिळालं की फोन करा. स्पीकर लावू नका.

अन् तुमचं पाणी कधी येतं, कधी जातं, तेवढं मी आल्यावर मला रोज सकाळी सांगत जा.

आरजूची पहिली अम्मी,
अजीजाबी